उन्हाला कुलूप

(कौसाबाई, वैजापूर तालुका. त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं आहे.)

माझं माहेर गंगथडीचं, गोदावरीच्या काठाला, तिथं पाण्याचं कवतिक नव्हतं कुणाला, म्हशी डुंबायच्या, पोरं डुंबायची, धुणं धुता धुता बायांच्या गप्पा अशा रंगायच्या की साबणाची वडी वाहून गेली तरी कुणी मागं पळायचं नाय, अन् बापानं मला दिलं इकडं, वैजापूरच्या वरच्या अंगाला, माळावर. लगीन होऊन आले, दारात पाय धुवायला बादली दिली, मी आपली सवयीनं सगळी बादली पायावर वतली. सासू नुसती बघत राह्यली. ते बघणं अजून ध्यानात हाय माझ्या. म्हून आधीच सांगते ताई, कौसाबाईला पहिल्यापासून पाण्याची लई कदर होती असलं काही लिहू नका. गावातली चार माणसं आता मला देवी करू राह्यलेत, मला शिसारी येती त्याची.

गावाला सामायिक इहीर एकच, नाल्याच्या कडंला. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खांदलेली. माझ्या सासूनं तिच्यातली माती पाटीनं वर काढली, पोटात माझा दीर होता तव्हा, नामदेव भाऊजी. सासू म्हणायची, या इहिरीनं आधी माझा घाम पिला, मग मला पाणी दाखवलं. तीसेक घरं गावात, सगळ्यांची दोन-दोन वाफे का व्हईना जमीन त्या इहिरीखाली, अन् पिण्याचा हौदही तिच्यावरच. दुसरं काही नाय. बोअर घेतले लोकांनी, धुराळा निघाला.

इहिरीवर डिझेलचं इंजिन. आमचे मालक त्याच्यावरचे मिस्त्री. आता पाळी कशी असायची ते नीट ऐका, नायतर पुढचं काहीच कळायचं नाय तुम्हाला. ज्याची पाळी त्यानं एक बाटली डिझेल आणायचं. बाटली ठरलेली, एकाच मापाची, मालकाच्या देखत इंजिनात वतायची, हँडल मारायचं, अन् इंजिन डग डग डग करत तासभर चालायचं. डिझेल सपलं की आपोआप गप. डिझेल सपलं म्हणजे पाळी सपली, घड्याळ नाय, वही नाय, भांडण नाय. एका घराला आठवड्यातून एकच बाटली. दुसरी कुणी आणली तर मालक म्हणायचे, घरी ने अन् कंदिलात घाल. अन् रोजची पहिली बाटली हौदाची, पिण्याच्या पाण्याची. ती एकेका घरानं आळीपाळीनं आणायची. सरपंचाच्या घरानं आणायची तशी तुळशीरामानंही आणायची. हा तुळशीराम गावाबाहेर वस्तीवर राहतो, बकऱ्या राखतो, जमीन त्याला गुंठाभर नाय. पण त्याची बाटली अन् सरपंचाची बाटली सारखी. त्याच्या बाटलीचं पाणी सगळा गाव प्यायचा.

मालक छातीच्या दुखण्यानं गेले. डॉक्टर म्हणला बिडी. मी म्हणते बिडी व्हती, पण वीस वर्षं ते धुराडंही व्हतंच की तोंडासमोर. दिवस-पाणी झालं अन् नामदेव भाऊजी इंजिनघराची किल्ली मागायला आले, म्हणले वहिनी, बाईमाणसाचं काम नव्हं, हँडल उलटं फिरलं तर हात जाईल. गावातली जाणती माणसं म्हणली, किल्ली कौसाबाईकडंच राहू द्या. माझ्यावर माया म्हून नव्हं बरं का, भाऊजीला सगळा गाव ओळखून व्हता म्हून.

अन् खरंच हँडल उलटं फिरलं. हे मनगट बघा, वाकडंच बसलं ते. तरी मी बारा-तेरा वर्षं ते इंजिन चालवलं. लोक आता म्हणतेत, जुनं ते बरं व्हतं, इंजिनाचा आवाज कानाला गोड लागायचा. कसला गोड, थू! मी सांगते काय व्हतं ते. भाकर थापली तर भाकरीला डिझेलचा वास. केस धुतले तर पाणी काळं. खाकरून थुंकले तर काळं. सून नवी आली तव्हा माझ्या हातचा चहा प्यायची नाय, पदराआड वतून द्यायची, मला दिसायचं. अन् लोकं काय कमी? डिझेलात रॉकेल मिसळून आणायचे, मी बोट बुडवून वास घेऊन सांगायचे कुणी किती मिसळलंय. भाऊजीनं तर एकदा निम्मं रॉकेल आणलं, मी सगळी बाटली त्यांच्या पायापाशी मातीत वतली. तव्हापासून त्यांच्या मनात अढी. मला त्या इंजिनाचा इतका वीट आला व्हता ताई, की सपनात यायचं, धूर ओकत छातीवर बसायचं.

माझा संतोष, एकच लेक. वैजापूरला आयटीआय केली, वाळूजला कंपनीत लागला, शिफ्टची बस, आठ तास उभं राहायचं, मग ते सोडून सोलर बसवणाऱ्या एका ठेकेदाराकडं लागला. त्यात त्याचा हात बसला. एका दिवाळीला आला अन् म्हणला, आई, तुझी खोकून खोकून बरगडी मोडंल एक दिवस, गावाला सोलर आणू, सरकारची योजना हाय, इहिरीवर प्लेटा बसवू, पाण्यात मोटर सोडू, ना डिझेल ना धूर ना हँडल. मी म्हणलं, उद्या आणत असशील तर आजच आण. मीच घरोघर फिरले. बायांना म्हणलं, नवऱ्यांना सांगा सह्या करायला. सोलर मी आणलं ताई, दुसऱ्या कुणी आणलं नाय. हे मात्र लिहा.

मग ग्रामसभा झाली, देवळापुढं. सगळे व्हय व्हय म्हणले. तुळशीराम माघं उभा व्हता, बकऱ्यांची काठी घेऊन, त्यानं इचारलं, वहिनी, मला एक सांगा, बाटली गेली तर पाळी कशानं मोजायची? हौदाचं पहिलं पाणी कोण काढणार? बरोबर इचारलं व्हतं बिचाऱ्यानं. अन् मी काय म्हणलं? मी म्हणलं, अरे तुळशीराम, ऊन काय कुणाच्या बापाचं हाय का, फुकट हाय, दिवसभर हाय, मोजायचं कशाला? उन्हाला कुणी कुलूप लावतं का? सगळी सभा हसली. तुळशीरामही हसला. गरिबाला हसावं लागतं. माझा इतका फुगा झाला व्हता त्या दिवशी, वाटलं काय बोलले मी. आता ते बोलणं आठवलं की माझं मलाच तोंडात मारून घ्यावं वाटतं.

बसलं सोलर. उद्घाटनाला साहेब लोक आले, मांडव, नारळ, हार. अन् एक जण फोटोवाला, तो म्हणला बायांनी डोक्यावर हंडे घेऊन रांगेत उभं राहा, मागं प्लेटा दिसू द्या, अन् हसा. हंडे रिकामे बरं का. मी म्हणलं भरून तर घेऊ, तो म्हणला नको, मान ताठ राहत नाय. रिकामे हंडे घेऊन हसलो आम्ही. माझा फोटो मधोमध, धूरमुक्त गाव म्हून फ्लेक्स लागला रस्त्याला, दोन पावसाळे तो तिथं फडफडत व्हता. इंजिन भंगारवाल्यानं नेलं, मी बघायलाही गेले नाय. अन् खोटं का बोलू, माझा खोकला थांबला. महिन्याभरात थांबला. भाकरीला भाकरीचा वास यायला लागला. सोलरला मी कधी नावं ठेवणार नाय, ठेवायची तर माझ्या तोंडाला ठेवीन.

मला काम राह्यलं नाय. संतोषनं मोटरीच्या डब्यात अशी जोडणी केली की ऊन पडलं की मोटर आपोआप सुरू, ऊन गेलं की आपोआप बंद, कुणी हात लावायला नको. म्हणला आई, आता माझ्याकडं चल. शहरात, पुंडलिकनगरला, दोन खोल्या भाड्यानं, वरचा मजला. मी गेले. किल्ली कुणाला द्यायची हा सवालच नव्हता, किल्लीच नव्हती.

पहिलं साल पाऊस बरा झाला, काही कळलं नाय. हौद भरून वाहायचा अन् मोटर काही थांबायची नाय, पाणी रस्त्यानं जायचं. तर भाऊजी संतोषला म्हणले, बेट्या, हे वाया चाललंय, मी रानात शेततळं खांदलंय, कागद टाकलाय, जास्तीचं तेवढं माझ्या तळ्यात सोडू, दुष्काळात गावाच्याच कामी येईल. कुणाला वाईट वाटंल सांगा? संतोषनं स्वतः पाइप टाकून दिला, चुलत्याचं काम म्हून. मीच म्हणलं व्हतं, जा, करून दे, भाऊजीची अढी तरी जाईल. मग त्या तळ्याच्या जिवावर भाऊजीनं मोसंबी लावली. त्यांचं बघून सरपंचानं उन्हाळी कांदा केला. कांद्याचं बघून अजून चार जणांनी पाइप जोडले. डिझेल असतं तर उन्हाळी कांदा करायची छाती झाली नसती कुणाची, बाटली हातात घेताना माणूस इचार करायचा.

दुसऱ्या साली पाऊस आला नाय. तिसऱ्या-चौथ्या साली आला न आल्यावाणी. मी पुंडलिकनगरात. तिथं पाण्याचे हाल काय सांगू तुम्हाला, तुम्ही तिथल्याच, तुम्हाला ठाव हाय, आठ-आठ दिवसांनी नळ, बाया बॅरल घेऊन टपलेल्या, टँकर आला की एकमेकींच्या झिंज्या. शहर नुसतं फुगत चाललंय, जिकडं बघंल तिकडं नवी बिल्डिंग, अन् हंडे तेवढेच. आमच्या घरमालकिणीनं गच्चीवर सोलर बसवलेलं, ती बाई दर दोन दिवसाला नळी लावून प्लेटा धुवायची, म्हणायची काकू, धूळ बसली की लाइट कमी बनते. पाणी पन्हळीतून गटारात. मी खाली उभी राहून बघायचे, मनात म्हणायचे, काय ही बाई, आमच्या गावात अशी असती तर इहिरीत ढकलली असती. असं म्हणायचे मी! अन् त्याच हप्त्यात भाऊजीनं एसटीतून मोसंबीचं पोतं पाठवलेलं. आम्ही रस काढून पिलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटला. मी सांगत फिरले, आमच्या इहिरीच्या पाण्याची मोसंबी हाय, साखर घालायला नको.

उन्हाळा व्हता, दुपारची येळ, दारात कोण उभं तर तुळशीराम. पत्ता कुठून काढला कुणास ठाव. पायात चप्पल एक तुटलेली, सुतळीनं बांधलेली. आत ये म्हणलं तर उंबऱ्यावरच टेकला. मी तांब्या भरून दिला. त्यानं अर्धा पिला, अन् ताई, उरलेला अर्धा पिशवीतून बाटली काढून तिच्यात वतून घेतला. थेंब सांडू दिला नाय. म्हणलं अरे, पी की, अजून देते. म्हणला, सवय लागली वहिनी.

मग सांगितलं त्यानं. मागायला नव्हता आला तो, सांगायला आला व्हता. इहिरीचं बूड लागलंय. जमिनीतून जे वीतभर पाणी गोळा होतं ते सूर्य उगवला की मोटर वढून घेते, अन् पाइपावरचा कॉक आता कायमचा तळ्याकडं फिरवलेला, हौदाकडं थेंब नाय. वीस दिवस झाले हौद कोरडा. टँकर येतो म्हणतेत, येतो कधी, कधी येत नाय. वस्तीवरल्या बाया इहिरीत उतरून वाटीनं पाणी भरतेत, त्याची सून उतरताना घसरली, पाय मोडला, घाटीत, सरकारी दवाखान्यात भरती केलीय, तिच्यापाशी आला व्हता म्हून इकडं आला. मी म्हणलं, भाऊजीला कुणी बोललं नाय का? म्हणला, बोललो वहिनी, ते म्हणले तुमच्या कौसा वहिनीला इचारा.

मी तशीच संतोषला फोन करून बोलावून घेतलं. तो म्हणला आई, रविवारी जाऊ. म्हणलं, आत्ता. तुळशीरामला संगं घेऊन बस पकडली, वैजापूरला उतरलो, पुढं जीप. इहिरीवर गेले अन् वाकून पाह्यलं. चिखल. चिखलात एक तुटकी बादली, अन् मोटर उघडी पडलेली, गुर्र करायची, थांबायची, परत गुर्र करायची, घशात कफ अडकलेल्या म्हाताऱ्यावाणी. संतोष म्हणला, कोरडी चालू नये म्हून मी आतमधी एक बंदोबस्त केला व्हता, तो कुणीतरी काढून टाकलाय. अन् बांधापल्याड बघते तर भाऊजीचं तळं, काठोकाठ, निळं निळं, त्याच्यावर ऊन चमकू राह्यलेलं, काठाला बगळे. ऊनच पाणी वर काढतं अन् तेच ऊन त्या तळ्यातलं दिवसभर पिऊन टाकतं, निम्मं तर वाफ व्हऊन चाललेलं, अन् खाली बाया वाटीनं चिखल गाळू राह्यलेल्या.

भाऊजी आले, या वहिनी, बसा, चहा घ्या. जाऊबाईनं चहा आणला. मी एक घोट घेतला अन् ध्यानात आलं, हा कुठल्या पाण्याचा हाय. बांधामागं जाऊन ओकले. भाऊजी म्हणले उन्हाचं झालं असंल. म्हणलं, उन्हाचं नाय, तुमचं झालं. आईनं पाटी वाहिली या इहिरीत तुम्हाला पोटात घेऊन, शरम वाटंना तुम्हाला? तर भाऊजी शांतपणी म्हणले, वहिनी, मी काय चोरी केली? कॉक फिरवायला कुणी बंदी केली व्हती का? तुम्हीच भर सभेत म्हणल्या ना, उन्हाला कुलूप कशाला म्हून. सगळ्या गावानं ऐकलंय. अन् पाइप तुमच्याच लेकानं जोडलाय.

भाऊजीची किळस आली, सरपंचाची आली, कांदेवाल्यांची आली, पण सगळ्यात जास्त माझी मला आली. त्या माणसानं खोटा शब्द एक उच्चारला नाय ताई. मोसंबीचा रस मीच पिले व्हते की.

सकाळी झुंजूमुंजूला उठले. घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या, सासूनं शिवलेल्या, मी शिवलेल्या, डोक्यावर गाठोडं घेतलं, तुळशीरामला हाक मारली, म्हणलं चल, दगड उचल. दिवस उगवायच्या आत सगळ्या प्लेटांवर गोधड्या हातरल्या, वाऱ्यानं उडू नये म्हून कडंला दगड ठेवले. दिवस वर आला. मोटर गप. मी खालती सावलीला बसले. एवढी साधी गोष्ट, मला बाईला सुचली, बाकी कुणाला सुचायला काय धाड भरली व्हती का? सुचली असंल. करायची नव्हती.

घंटाभरात गाव गोळा झाला. ज्यांचे कांदे व्हते ते आधी पळत आले. एक जण गोधडी वढायला गेला, तुळशीरामनं काठी आडवी धरली, जन्मात पहिल्यांदा त्यानं कुणाला काठी दाखवली असंल. सरपंच म्हणला कौसाबाई, सरकारी मालावर गोधड्या टाकता, गुन्हा हाय. म्हणलं, टाका जेलात, तिथं पाणी तर देतेत ना. भाऊजी म्हणले, माझी मोसंबी वाळंल, चार वर्षं लेकरावाणी वाढवलीय. अन् ते खरं व्हतं. रडकुंडीला आले व्हते ते. म्हणलं, वाळू द्या. संतोष मधी पडला, आई, घरात वैर कशाला, सरकारी टँकरचा अर्ज करू, मी साहेबांना भेटतो. मी त्याच्याकडं बघितलं. म्हणलं, संतोष, जिभेनं मी बिघडवलं अन् हातानं तू. पाइप तू जोडलास, तूच काढ. चुलत्याच्या देखत काढ. चोरून नको.

माझ्या लेकानं चुलत्याकडं बघितलं. चुलत्यानं त्याला खांद्यावर खेळवलेला, जत्रंला नेलेला. मला वाटलं आता हा पाठ फिरवून जाईल, अन् मग लेकही गेला अन् इहीरही. पण त्यानं पिशवीतून पाना काढला. बसला उकिडवा अन् पाइप सोडवला. भाऊजी उभे व्हते समोर, पाइप निघाला तसे म्हणले, संतोष, आजपासून तू मला मेलास. संतोषचं डोळं भरलं व्हतं, पण पाना थांबला नाय त्याचा. मग बाकीच्यांचे पाइप निघाले, त्यांना तोंडच राह्यलं नाय. डब्यातली आपोआपची जोडणी काढली, हातानं लावायचं बटण बसवलं, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप.

तळ्यातलं पाणी भाऊजीनं आपल्या मनानं दिलं नाय, गावानं बसून द्यायला लावलं, हौदात सोडलं, त्याच्यावर पाऊस येईपतूर वस्ती अन् गाव पिला. मोसंबी वाळली. मी जाऊन बघितली, काड्या झाल्या व्हत्या. कुणाचं उभं झाड वाळलं तर मला चांगलं वाटतं का? नाय वाटत. पण परत तशी येळ आली तर परत गोधड्या टाकीन.

तव्हापासून मी इथंच हाय, त्या कुलपाची किल्ली माझ्यापाशी. संतोष म्हणतो आई, तिकडं ये, नातू इचारतो. जाते दोन दिवस, परत येते. पहिलं पाणी हौदाला, मग घराघराला घड्याळ लावून अर्धा तास, इहिरीत पाणी चार परस, म्हंजी चार माणसांच्या उंचीइतकं, खाली गेलं की सगळं बंद. अन् ताई, एक गोष्ट मला लई उशिरा कळली. डिझेल सपायचं, इंजिन बंद पडायचं, तर डिझेलला कुणी कधी शिवी दिली नाय. मुकाट घरी जायचे. आता डोक्यावर ऊन हाय, प्लेटा चमकू राह्यल्या, मोटर चांगली हाय, अन् ही म्हातारी बटण बंद करते. मग शिव्या कुणाला? म्हातारीला. रांडमुंडी म्हणतेत, नवरा खाल्ला आता गाव खाती म्हणतेत. ज्यांच्या सुना माझ्यामुळं इहिरीत उतरायच्या थांबल्या, तेच म्हणतेत. दहा मिनिटं जास्त दे, फक्त दहा, कुणाला कळतंय. रोज तेच. माणसाच्या जातीचाच तिटकारा आलाय मला. तुळशीराम तेवढा कधी जास्तीचं मागत नाय, पण त्याला रानच नाय, असतं तर काय केलं असतं देव जाणे, मी आता कुणाची हमी घेत नाय.

यंदा पाऊस बरा पडंल म्हणतेत. मी काही भरवसा धरलेला नाय.

परवा माझी जाऊ आली, भाऊजीची बायको. मोसंबी गेल्यापासून बोलत नव्हती. आली ती शिव्या द्यायलाच आली, भर उन्हात, बांधावरूनच सुरू झाली, माझ्या माहेरापासून जे उद्धरायला लागली ते थांबंचना. मी ऐकत बसले. इतकी बोलली, इतकी बोलली, की तोंड कोरडं पडलं तिचं, जीभ टाळ्याला चिकटली, शिवी अर्ध्यातच राह्यली अन् खोकायला लागली. मी उठले, हौदातून तांब्या भरून आणला, म्हणलं आधी पाणी पी. तिनं माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं. घटाघटा पिली, सगळा तांब्या. पदरानं तोंड पुसलं. मी म्हणलं, हां, दे आता शिव्या, कुठं राह्यली व्हतीस?